पिशवीतला हात

कॅमेऱ्याच्या पडद्यावरून बा नाहीसा झाला तेव्हा सुप्रियाने आधी केबल हलवून पाहिली. मग लेन्सवर धूळ बसली आहे का ते पाहिलं. मग मान वर केली. समोर कातळाच्या उघड्या, सपाट सड्यावर, हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर, तिचा बा, रायबा, मघासारखाच चालत होता; डोक्याला टॉवेल, काठी खांद्यावर आडवी आणि दोन्ही हात काठीवर टाकलेले. उघड्या डोळ्यांना त्याच्या सदऱ्याची फाटकी बगलसुद्धा दिसत होती. पडद्यावर मात्र नुसता सडा होता, करडा, एकसारखा, जणू त्यावरून कधी कोणी चाललंच नव्हतं. कॅमेऱ्याने टिक् केलं. आपलं शून्य पुन्हा ठरवून घ्यायला तो अधूनमधून असा डोळा मिटायचा. तेवढ्यापुरतं चित्र गोठायचं आणि परत सुरू व्हायचं. चित्र परत सुरू झालं. बा नव्हताच.

"गेले काका?" हर्षदने विचारलं. तो उकिडवा बसून कातळाला तापमापी टेकवत होता. हर्षद सांगलीकडचा, तिच्याबरोबरच नोकरीला लागलेला. या वाडीवर पहिल्यांदाच आलेला.

"नाहीत गेले. आहेत तिथंच," ती म्हणाली. आपला आवाज असा का निघाला ते तिला कळलं नाही.

कारण सगळं तिला माहीत होतं. या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही, तो ऊब बघतो. आणि ऊबही नुसती दिसत नाही, शेजारच्या उबेशी तिचा फरक दिसतो. सकाळी पौषातल्या थंडीने कातळ गारठला होता, तेव्हा बा त्याच्यावर पांढराशुभ्र उठून दिसत होता, भोवती सॉफ्टवेअरने माणूस ओळखून काढलेली हिरवी चौकट घेऊन. मग ऊन चढलं, काळा दगड तापत गेला आणि बाच्या सदऱ्याला जेवढी ऊब तेवढीच दगडालाही आली. अजून थोड्या वेळाने दगड पुढे जाईल आणि बा उलटा, काळा दिसायला लागेल. पुस्तकात याचा एक आलेख होता. दोन वाकड्या रेघा, एक माणसाची, एक जमिनीची. त्या दिवसातून दोनदा एकमेकींना छेदतात. एम.एस्सी.च्या परीक्षेत तिने तो सुबक काढला होता, बाणांसकट. रेघा छेदतात त्या बिंदूवर कोणाचा तरी बाप काठी खांद्यावर घेऊन चाललेला असतो, हे आलेखात नव्हतं. हर्षद म्हणाला, "भारी. बरोब्बर पकडलं आपण," आणि त्याने वेळ टिपून घेतली. ती अजून पडद्याकडेच बघत होती. माणूस समोर आहे आणि दिसत नाही, ही गोष्ट तिला नवी नव्हती. आई गेली त्या पावसाळ्यात नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस दरडीसमोर असंच एक यंत्र धरून उभा होता. बराच वेळ ते इकडून तिकडे फिरवून शेवटी तो कोणाकडेही न बघता म्हणाला होता, "काही दिसत नाही." तिला त्या माणसाचा चेहरा आठवत नसे. यंत्र आठवे. काळं, विटेएवढं, वर थेंब साचलेले. आई आत कुठेतरी आहे आणि हा माणूस काही दिसत नाही म्हणतो, तर ते यंत्र नक्की बघतं तरी काय, हा प्रश्न तिच्या डोक्यात तेव्हा, त्या चिखलात उभं असतानाच आला होता. अशा वेळी असा प्रश्न सुचावा याची तिला पुढे किती दिवस लाज वाटत राहिली.

तिची आई, बायजा, म्हशींची दावी सोडायला गेली होती. डोंगर कुरकुरतोय म्हणून सगळी वाडी देवळाकडे पळाली. ही मध्येच माघारी वळली. म्हशी दावं तोडून बाहेर आल्या, त्यातली एक अजून दूध देते. गोठा, त्याच्यामागचा बांध आणि बायजा यांच्यावर डोंगर आला. आठवडाभर उकरलं. मग पाऊस थांबेना, वरची माती आणखी सुटायला लागली, आणि सरकारी माणसांनी काम बंद केलं. अंग सापडलं नाही की पळसाच्या पानांचं मढं करून त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात, अशी रीत. जाणत्यांनी रायबाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "ती हाय तितं. मी पानं कशाला जाळू?" पहिल्या वर्षी लोकांनी समजून घेतलं. दुसऱ्या वर्षी वाडीतल्या एका लग्नात त्याला मांडवाबाहेर बसावं लागलं, कारण त्याच्या घरचं सुतक फिटलेलं नव्हतं. तो बाहेर बसला, जेवला, आणि येताना म्हशीला चारा घेऊन आला.

सुप्रिया नोकरीला लागली ती महाडच्या एमआयडीसीत, एका जुन्या गाळ्यात. आधी तिथे कसलीशी रसायनं भरून ठेवत असत. पावसाळ्यात भिंती अजून त्याचा वास सोडायच्या. त्या वासात एक काचेची खोली होती आणि त्या खोलीत, टोपी, झगा, हातमोजे घालून, ती कंपनीचा सेन्सर तयार करायला शिकली. नखाएवढा चौकोन. त्यावर लाखो ठिपके, प्रत्येक ठिपका दोन बारीक पायांवर अधांतरी उभा, खालच्या जमिनीला न टेकता. टेकला की त्याची ऊब निघून जाते आणि तो आंधळा होतो. भोवतीची हवासुद्धा काढून टाकायची. बाहेरच्या देशांतून येणारा असा सेन्सर महाग असतो. कंपनीचे मालक विनीत सर यांना तो स्वस्त करायचा होता, मुठीत मावेल, हेल्मेटवर बसेल, प्रत्येक जवानाला देता येईल इतका. "अंधारात पहिलं ज्याला दिसतं तो जगतो," असं ते म्हणत. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचा चुलत भाऊ सैन्यात होता. सुप्रियाला ते काम आवडे, आणि आवडतं याचं तिला कधी कधी भय वाटे. नाते गावाच्या रस्त्यावरच्या आपल्या खोलीत भाकरी भाजताना तव्याचा कुठला भाग किती पांढरा दिसेल याचा ती मनात हिशेब करत बसायची. रस्त्याने जाणारी माणसं तिला नाकाशी काळसर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत पांढरी दिसायची, कारण नाक गार असतं आणि तो कोपरा गरम. कोणी सांगितलेलं नसताना, लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, तिने गाळ्यामागची मूठभर माती आणून एका ट्रेमध्ये बोटभर जाडीची पसरली. खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. वर कॅमेरा लावला. दुपारभर ती अधूनमधून येऊन बघत राहिली. माती माती दिसत होती. संध्याकाळी कडेने थोडी उजळली, तोवर पिशवी निवली होती. तिने माती परत नेऊन टाकली आणि ट्रे धुवून ठेवला. त्यानंतर ही नोकरी सोडायचं खरं तर काही कारण नव्हतं. धरायचं जे एक कारण होतं ते मात्र त्या ट्रेबरोबर धुतलं गेलं होतं.

आणि मातीतून दिसत नाही हे ठाऊक असूनही दसऱ्याला तिने ते केलं. पहिला चालता कॅमेरा घेऊन ती घरी आली होती, मिरवायला म्हणा. रायबाने पोलादपूरच्या बाजारातून सुकट आणली होती, काळ्या पिशवीतून. तिने पिशवी रिकामी केली, हात आत घातला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "बघ." पिशवीच नव्हती, पाची बोटं पसरून तिचा हात उघडा दिसत होता. काळं प्लास्टिक या उबेला आडवत नाही. उलट ज्यातून आपल्याला आरपार दिसतं ती काच आडवते. हा गाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा नेहमीचा खेळ होता. रायबाने पडद्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, परत पडद्याकडे. "आतला हात दिसतो," तो म्हणाला. तिच्या खिशात मोबाइल होता. त्याची काच धरून दाखवली असती तर पुरलं असतं. अंगणात माती होती. पण रायबाच्या तोंडावर तेव्हा जे उमटलं ते तिने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि ती गप्प राहिली. तो पुढे एवढंच म्हणाला, "चांगलं काम हाय तुझं."

"काय भावोजी, कवाधरनं येरझारा घालताय? नवस बोललाय का काय?" रंगूबाई आली होती, रायबाची चुलत भावजय, डोक्यावर ताकाची लोटी घेऊन.

"कंपनीत लागलोय वैनी. चालायचं काम हाय," रायबा सड्यावरूनच ओरडला.

"आन पगार?"

"पोरीच्या हातचा च्या."

"मंग ऱ्हावा फिरत. ह्या वयात दुसरं कोन घेनार तुमास्नी!" रंगूबाई हसली, लोटी उतरवून सुप्रियाजवळ टेकली आणि हर्षद ऐकत नाही असं पाहून आवाज खाली आणून म्हणाली, "सुप्रे, नारळ आनलाय म्या. हळदकुंकूबी हाय. दुपारच्याला जायाचं ना दरडीवर? राती समद्या वाडीला सांगत व्हता, पोरगी मशीन घेऊन आलीय, आज बायजा कुटं हाय ते दिसंल." ती थोडा वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिली. "कशी दिसंल गो? तशीच?"

सुप्रियाने मान वळवून सड्यावरच्या बाकडे पाहिलं. म्हणजे म्हणून. चाचणीला चढउताराची, मोकळी जागा हवी होती; तिने आपला डोंगर सुचवला आणि चालायला माणूस हवा म्हटल्यावर बा एका शब्दात तयार झाला. पहाटेपासून तो सांगाल तसा चालला. उभा चालला, वाकून चालला, हर्षदने पोटावर सरपटून दाखवल्यावर सरपटला; "माणसागत का घोरपडीगत?" एवढं विचारून. एकदा तो शेळ्यांमधून वाकून गेला तेव्हा चौकट त्याला सोडून एका बोकडाभोवती जाऊन बसली, आणि ते ऐकून तो खूप हसला. तो राबत होता तो पोरीचं काम व्हावं म्हणून, आणि मग त्याचं स्वतःचं. मधे न बोललेला एक करार होता आणि त्यावर सही तिची होती, त्या काळ्या पिशवीतल्या हाताची.

तिने विनीत सरांना फोन लावला. वाडीवर रेंज फक्त देवळाच्या चौथऱ्यावर येते. खाली आंबेनळी घाटाच्या वळणावर एक एस.टी. चढत होती, तिचा आवाज आधी आणि ती मागून. कातळावर माणूस दिसेनासा होतो हे तिने सांगितलं. वेळ, दगडाचं तापमान, सगळं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण सैन्याच्या अधिकाऱ्यांना सकाळी लवकर बोलावू. आठच्या आत. आठला दिसतो ना छान?"

"दिसतो, सर. पण दहाला दिसत नाही."

"दहाला ते नाश्त्याला बसलेले असतील. सुप्रिया, मी खोटं बोलायला सांगत नाही. जेव्हा दिसतं तेव्हा दाखवायचं, एवढंच. बाकीचं पुढच्या वर्षी सुधारू."

जेव्हा दिसतं तेव्हा दाखवायचं. फोन ठेवल्यावर ती चौथऱ्यावरच बसून राहिली. तिला राग यायला हवा होता, पण कोणाचा ते ठरेना. दसऱ्याला तिनेही हेच केलं होतं. जे दिसत होतं तेवढं दाखवलं होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपलंच वागणं इतकं सरळ, इतकं समंजस ऐकायला मिळतं तेव्हा त्यात नाव ठेवण्यासारखं काही सापडत नाही, आणि तेच अंगावर येतं.

दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाताना रायबाने हर्षदला विचारलं, "सायेब, ह्याच्यात मानूस दिसला की म्होरं काय करत्यात?"

हर्षदने सुप्रियाकडे पाहिलं. "सीमेवर पहारा असतो, काका. कोणी चोरून येतंय का ते कळतं."

"कळलं की?"

"मग... थांबवतात."

"गोळी घालून," रायबा म्हणाला, अगदी सहज, आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात फिरवला. "मंग मगाशी मी दिसत नव्हतो, ते बरं झालं का वंगाळ?"

हर्षद हसला. रंगूबाईही हसली. सुप्रियाने पिठल्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. बा, मातीखालचं दिसत नाही, एवढे चार शब्द तिच्या जिभेवर तयार होते. पण जेवताना नको, रंगूबाईसमोर नको, हर्षदसमोर नको असं करत तिने ते पुढे ढकलले, आणि तोवर रायबा हातपाय धुवून, धुतलेला सदरा घालून, दारात उभा होता.

दरड वाडीच्या पूर्वेला. सूर्य डोंगराआड गेला की ती उतरण दुपारनंतर सावलीतच असते. चार पावसाळ्यांत तिच्यावर गवत आलं होतं, आता वाळलेलं, आणि मधूनमधून तांबडी माती उघडी. कडेला काही पळस होते. एरवी कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत असे, धुळीने माखलेल्या जाड पानांचे. रायबा नीट ठरवल्यासारखा उतरणीवर चढला, एका तुटक्या उंबराच्या खोडापासून काही पावलं मोजून थांबला आणि मातीवर बसला. "हितं गोठा व्हता," तो वरून म्हणाला. "तू बशीव तुझं, मी हाय." सुप्रिया तिपाई लावत राहिली. एरवी डोळे मिटूनही हाताला लागणारा स्क्रू तिला आज सापडेना. बा तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, घाई नसलेल्या माणसासारखा, आणि मधून मधून बाजूच्या मातीवर तळवा फिरवत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. चित्र लागलं. मग तो उठला, कपडे न झटकता खाली आला, तिच्या मागे उभा राहिला आणि वाकून पडद्यात बघायला लागला.

उतरण करडी, थंड. आणि मधोमध एक पांढरं काहीतरी. गोल, खाली रुंद, वर निमुळतं. माणूस अंग आखडून बसावा तसं.

"हाय," रायबा म्हणाला. आवाज जवळजवळ नव्हताच. "सुप्रे. हाय गो. बसलीय."

रंगूबाईने हात जोडले आणि तोंडाला पदर लावला. हर्षदने मान खाली घातली. त्याला कळलं होतं, आणि इथून कुठे जावं ते त्याला सुचत नव्हतं. सुप्रियाला एक क्षण, एकच, वाटलं की राहू द्यावं. दिसलं ना, दिसलं. आता नारळ फोडू दे, पानं आणू दे, दिवस घालू दे, लोकांच्या मांडवात बसू दे. जेव्हा दिसतं तेव्हा दाखवायचं. पण रायबा खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधायला लागला होता, आणि त्याचे डोळे आजूबाजूला काहीतरी शोधत होते. ते कुदळ शोधत होते.

"बा," ती म्हणाली. "ते तुझं हाय."

"माझं?"

"तू बसला व्हतास ना आता तितं. अंगाची ऊब मातीला लागते. ती दिसतीय. निवंल आता."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्यात बघत राहिला. पांढरं कडेने करडं होत चाललं होतं, आधी वरचं निमुळतं टोक, मग बाजू. आत एक ठिपका तेवढा उजळ होता. कॅमेऱ्याने टिक् केलं, चित्र क्षणभर थांबलं, आणि सुरू झालं तेव्हा ठिपकाही नव्हता.

"पिशवीतला हात दिसला व्हता," तो म्हणाला.

"पिशवी वेगळी, बा. मातीतनं नाय दिसत. बोटभर असली तरी नाय."

"म्होरं कवातरी?"

"ह्या मशीनीला नाय. कदीच नाय."

"तुला ठावं व्हतं."

"व्हतं."

खाली घाटात कुठला तरी ट्रक गिअर बदलत होता. रायबा कमरेचा टॉवेल सोडून परत चढून गेला, त्याच जागी, आणि या वेळी बसला नाही. वाकून त्याने उजवा तळवा मातीवर टेकवला आणि दाबून धरला. बराच वेळ. मग हात उचलून बाजूला झाला आणि वरून ओरडला, "दिसतो का?"

पाच बोटं, पसरलेली, पांढरी. "दिसतो," ती म्हणाली.

तो थांबला. "आता?"

"दिसतो."

बोटं आधी गेली. तळव्याचा एक डाग राहिला, पिठाचा हात झटकल्यावर राहतो तसा.

"आता?"

तिला वाटलं अजून काहीतरी आहे. डोळे बारीक करून पाहिलं, तर आहे असंही वाटे आणि नाही असंही. यंत्र याहून जास्त सांगणार नव्हतं. ते कुठवर बघू शकतं हे या डोंगरावर तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "गेला."

रायबाने हात सदऱ्याला पुसला. आजूबाजूला पाहिलं, कडेच्या झाडांकडे. "वैनी," तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात, "पळसाला अजून पानं हाईत. म्हैनाभरात झडतील. त्याच्या आदी उरकू." रंगूबाई नुसती मान हलवत राहिली. नारळ तिच्या हातातच होता. तो तिने तसाच पदरात बांधून घेतला.

मग तो उतरायला लागला, काठी न टेकता, एकेक पाऊल आडवं टाकत. हर्षदने हळूच विचारलं, "बंद करू?" सुप्रिया पडद्यात बघत राहिली. थंड, करड्या उतरणीवर पडद्यात तो पांढराशुभ्र दिसत होता, सकाळी दिसला होता त्याहूनही स्पष्ट. भोवती हिरवी चौकट येऊन बसली होती, आणि ती एकदाही न चुकता त्याच्याबरोबर खाली उतरत राहिली.